वॉशिंग्टनहून मागवलेली पेन्शनची फाइल

आमच्या शेजारच्या आजी 81 वर्षांच्या. अलाबामातल्या लाइमस्टोन काउंटीत त्यांच्या पिढ्या गेल्या. पणजोबा गुलामीतून सुटून यादवी युद्धात उत्तरेकडून लढले, 111व्या कलर्ड इन्फंट्रीत, म्हणजे काळ्या शिपायांच्या पलटणीत, एवढंच घरात ऐकलेलं. त्या पलटणीचे बरेच शिपाई सप्टेंबर 1864 मध्ये याच काउंटीत दक्षिणेचा सेनापती फॉरेस्ट याच्या हाती लागले होते.

पुढे शोधायचं कसं? 1860च्या गुलामांच्या यादीत मालकाच्या नावाखाली बहुधा वय, स्त्री की पुरुष आणि रंग एवढंच असतं, गुलामाचं नाव नसतं. 1890ची जनगणना तर 1921च्या आगीनंतर जवळपास गेलीच. आम्ही आधी एका संकेतस्थळाची वर्गणी भरली. मिळालं फक्त पणजोबांच्या लष्करी पेन्शनच्या सूचीचं कार्ड, पण त्यावर आडनावं दोन होती, मधे ‘उर्फ’. एक मालकाचं, एक स्वतः घेतलेलं.

मग नॅशनल आर्काइव्हजकडून, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्याकडून, पेन्शनची पूर्ण फाइल मागवली. आम्ही मागवली तेव्हा पहिल्या 100 पानांचे 80 डॉलर होते. अर्जात कार्डावरचे दोन्ही क्रमांक लिहा, शिपायाचा आणि विधवेचा. आणि पूर्वज दक्षिणेच्या फौजेत असेल तर वॉशिंग्टनला पैसे भरू नका. ती पेन्शन राज्यं देत, अलाबामाचे कागद मॉन्टगोमेरीला आहेत.

पैसा न् पैसा वसूल झाला. गुलामांच्या लग्नाचे दाखले नसायचे, म्हणून विधवेला साक्षीदार उभे करावे लागत. त्या जबान्यांमध्ये सगळं घर आहे: लग्न कोणाच्या मळ्यावर लागलं, बाळंतपणाला कोण होतं, कुठलं मूल कापूस वेचणीच्या दिवसांत गेलं. पणजीच्या जबानीखाली तिचं नाव कारकुनाने लिहिलंय आणि नाव-आडनावाच्या मधे तिने स्वतः काढलेली फुली, एक रेघ लांब, एक थरथरलेली. आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला माझ्या साताऱ्याच्या आजीचा पेन्शनच्या कागदावरचा निळा अंगठा आठवला.

एक साक्षीदार पणजोबांच्याच कंपनीतला, त्याच मळ्यावर वाढलेला. आता त्याचीही फाइल मागवली आहे.