वर्गातल्या ‘शांत कोपऱ्या’ची तयार पेटी: काय घ्यावं, काय वगळावं

शांत कोपरा म्हणजे चिडलेल्या मुलाने निवायला बसायची वर्गातली जागा. तिथे ठेवायच्या तयार पेट्या ऑनलाइन मिळतात. नावं वेगळी, सामान बहुधा तेच: वाळूचं घड्याळ, चकाकीची बाटली (हलवून चकाकी खाली बसेपर्यंत बघत राहायची), दाबायचे चेंडू, पॉप-इट (बोटाने फुगे दाबायचं रबरी खेळणं), श्वासाची कार्डं, भावनांचा तक्ता. काही पेट्यांत हवा भरायची पंचिंग बॅगही असते.

ती बॅग असलेली पेटी घेऊच नका. ठोसे मारले की राग निवतो, हा समज चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत बॅग बडवणाऱ्यांचा राग नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त होता. 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही छातीची धडधड कमी करणारे उपायच उपयोगी ठरले. धावण्याने तर राग वाढलेला दिसला. म्हणजे पीटीच्या सरांचं ‘जा, मैदानाला दोन चकरा मारून ये’ हेसुद्धा रागावरचं औषध नव्हे.

पेटीचे पैसे वसूल होतात ते घड्याळ आणि कार्डांत. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे सहा श्वास झाले की साधारण एक मिनिट होतं. सोडणं लांब हवं. ‘खोल श्वास घे’ एवढंच सांगितलं तर मुलं भराभर छाती फुगवतात आणि गरगरायला लागतं. घड्याळ 5 मिनिटांचं घ्या. मोठा राग तेवढ्यात ओसरत नाही, तेव्हा ते पुन्हा उलटायची मुभा असावी.

चकाकीची बाटली घरीच करावी. कोमट पाणी, पारदर्शक डिंक (पांढरा फेविकॉल नको, पाणी गढूळ होतं), चकाकीच्या गुठळ्या झाल्या तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. चकाकी खाली बसायला दोनेक मिनिटं लागतील एवढाच डिंक घाला. झाकण चिकटवून टाका, नाहीतर पहिल्याच आठवड्यात दप्तरं चमचमतील.

जेलचे मणी भरलेले चेंडू फुटतात आणि ते मणी गिळले तर धोका आहे. बालवाडीत, पहिली-दुसरीत ते नकोतच. जुन्या मोज्यांचा घट्ट गोळा पुरतो. पॉप-इट बहुतेक खेळणंच होऊन बसतं.

भावनांचा तक्ता सर्वांत निराश करतो. ‘क्रोधित’, ‘उद्विग्न’ असं पाचवीतलं कोणतं मूल बोलतं? तिथे ‘वैताग आला’, ‘डोकं सणकलं’, ‘सगळ्यांसमोर लाज वाटली’, ‘भूक लागलीय’ असं लिहा. शेवटची दोन मुद्दाम, कारण पुष्कळदा रागाच्या खाली तीच असतात.

वापरायची पद्धत मात्र पेटीत धड नसते. पहिले दोन आठवडे रोज परिपाठानंतर पाच मिनिटं, कोणीही चिडलेलं नसताना, साऱ्या वर्गाकडून सराव करून घ्या. भडकलेलं मूल नवं काही शिकत नाही. ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हटलंत की कोपऱ्याची शिक्षा झाली, मग तिकडे कोणी आपणहून फिरकणार नाही. मूल शांत झाल्यावर तीन प्रश्न विचारा: काय झालं, कोणाला लागलं, आता काय करूया? ‘का केलंस?’ नको, त्याने सबबी सुरू होतात. हे तीन प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून घड्याळाशेजारी लावा.