सारख्याच पैशांत नवा मिड-रेंज की दोन वर्षं जुना फ्लॅगशिप? महिनाभर दोन्ही वापरून

ताईचा चार वर्षांचा फोन दुपारी चारलाच मान टाकायला लागला, तेव्हा तिने माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक, नुकताच आलेला मिड-रेंज फोन. दुसरा तेवढ्याच पैशांत मिळणारा फ्लॅगशिप: दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्या कंपनीचा सगळ्यात वरचा, आता कुणीतरी वापरून परत केलेला आणि तपासून पुन्हा विकायला काढलेला. "तू सांगशील तो घेते," म्हणाली. इतका भरवसा टाकल्यावर नुसता स्पेसिफिकेशनचा तक्ता वाचून उत्तर देणं मला जमेना. नवा माझ्याकडे होताच, जुना एका मित्राने महिनाभरासाठी दिला. पहिले पंधरा दिवस माझं रोजचं सिम नव्यात, पुढचे पंधरा दिवस जुन्यात. फोटो मात्र प्रत्येक वेळी दोन्हींनी काढले.

मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. चार महिन्यांनी दुकानात वेगळी नावं असतील, पण घेणाऱ्यापुढचा पेच हाच असेल.

आधी कॉलबद्दल, कारण तिथेच मी वैतागलो

नव्या फोनवर तिसऱ्या दिवशी ताईशी बोलत होतो. मी बोलतोय आणि पलीकडून "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये." फोन कानापासून काढून बघितला तर म्यूट दाबलं गेलेलं. गाल लागला होता. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर गालाने कॉलच कापला.

याचं कारण जाहिरातीत कुठे सापडत नाही. खऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमधून इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, कानावर आपटून परत येतो आणि पडदा बंद होतो. बऱ्याच मिड-रेंज फोनमधून हा सुटा भाग काढून टाकलेला असतो. फोन कसा हलला, पडद्याला कुठे स्पर्श झाला, किंवा आपल्याला ऐकू न येणारा आवाज कानावर आपटून कसा परतला, यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. यालाच व्हर्च्युअल प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. चालता चालता बोललात तर माझ्या फोनचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. कुशीवर पडून बोललात किंवा बराच वेळ एका जागी स्थिर बसलात, की चुकायचा. जुन्या फ्लॅगशिपमध्ये पंधरा दिवसांत असं एकदाही झालं नाही.

हे तपासणं सोपं आहे. कॉल लावा, फोन टेबलावर सपाट ठेवा आणि त्याला स्पर्श न करता वरच्या काठाजवळून तळहात न्या. पडदा लगेच काळा झाला आणि हात काढताच परत उजळला, तर सेन्सर बहुधा खरा. ताई दिवसाचे कित्येक तास फोनवर बोलते, तिचं कामच तसं आहे. तिच्यासाठी ही एक गोष्ट चार कॅमेऱ्यांपेक्षा मोठी.

बॅटरी: इथे नवा सरळ जिंकतो

माझा दिवस सकाळी सातला सुरू होतो. रात्री अकराला नव्यात तिसरा हिस्सा बॅटरी शिल्लक असायची. जुना संध्याकाळी सातपर्यंत वीस टक्क्यांच्या खाली आलेला. एकदा मोबाइल डेटावर पाऊण तासाचा व्हिडिओ कॉल झाला, त्या दिवशी तर पाचलाच चार्जर शोधावा लागला. नवा पाऊण तासात पूर्ण भरतो, जुन्याला सव्वा तासाहून जास्त लागतो.

यात जुन्या फोनच्या चिपचा दोष थोडा, वयाचा जास्त. लिथियम-आयन बॅटरीचं वय महिन्यांइतकंच सायकलमध्ये मोजतात. आज साठ टक्के वापरली आणि उद्या चाळीस, तर दोन्ही मिळून एक सायकल. रोज एक धरली तर दोन वर्षांत सातशेच्या वर सायकल होतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला: तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी किमान ८०० सायकलनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी राहिली पाहिजे. त्याआधी बाजारात आलेल्या फोनला हे बंधन नाही. म्हणजे वापरलेला फ्लॅगशिप घेताना बॅटरी कितपत झिजली आहे हे विचारून घ्यायलाच हवं. आयफोन १५ पासून पुढच्या आयफोनमध्ये सायकलचा आकडा सेटिंगमध्येच दिसतो, काही अँड्रॉइड फोनमध्येही दिसतो. जिथे दिसत नाही तिथे बॅटरी नवी बसवून घेण्याचा खर्च फोनच्या किमतीत मिळवा आणि मगच तुलना करा. माझ्या मते ही बेरीज न करता दोन्ही फोनची किंमत सारखी म्हणणं चूक आहे.

बॅटरी बदलताना फोन उघडावा लागतो आणि पाणी अडवणारं आतलं सील मोडतं. फोनवरचा आयपी६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. तो शब्द फोन कारखान्यातून निघतानाचा असतो. दोन वर्षांच्या, त्यातही उघडलेल्या फोनला तो लावू नका. जुना फोन पावसात जपूनच वापरायचा.

कॅमेरा: आकड्यांत नवा पुढे, फोटोत जुना

नव्याच्या मागे ५० मेगापिक्सेलचा मुख्य, ८ चा अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा) आणि २ चा मॅक्रो (अगदी जवळची वस्तू टिपणारा). शेवटचा मी महिन्यात दोनदा उघडला आणि नंतर विसरलो; तो नसता तरी काही अडलं नसतं. मुख्य कॅमेरा मात्र चांगला आहे. एवढं लक्षात ठेवायचं की ५० मेगापिक्सेलचा असा सेन्सर नेहमीच्या फोटोत चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ वाले नऊ-नऊ एकत्र करून १२ चा देतात, २०० वाले सोळा-सोळा करून १२.५ चा. हातात येणारा फोटो जवळपास तेवढाच असतो. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने, लेन्सने आणि फोटोवर मागून होणाऱ्या प्रक्रियेने.

उन्हात दोन्हींचे फोटो फोनच्या पडद्यावर शेजारी ठेवले तर घरात कुणालाच ओळखता आले नाहीत. दिवे लागले की चित्र पालटतं.

भाची टेबललॅम्पखाली पुस्तक चाळत बसली होती. पान उलटण्याच्या क्षणी दोन्हींनी फोटो काढला. नव्यात तिचा चेहरा छान आला, पण हात म्हणजे एक फिकट पट्टा, आणि पानावरची अक्षरं पाण्यात विरघळल्यासारखी. जुन्यात उचललेल्या पानाची कड दिसते, करंगळी दिसते, नखाला लागलेला स्केचपेनचा निळा डागसुद्धा दिसतो. कमी प्रकाशात छोट्या सेन्सरला पुरेसा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात मूल हलतं. ओआयएस, म्हणजे थरथर सावरायला लेन्स हलवणारी सोय, दोन्हींमध्ये आहे, पण तो आपला हात हलला तर सावरतो, समोरचं मूल हललं तर त्याचा काही उपयोग नाही. हे दुकानात उभं राहून कळत नाही. घरी, रात्री, आपल्याच माणसांचे फोटो काढताना कळतं.

तिच्या शाळेच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत होतो. जुन्यात तीन पट ऑप्टिकल झूमची वेगळी लेन्स आहे, रंगमंचावरचे चेहरे ओळखू आले. नव्याने मुख्य कॅमेऱ्याचाच मधला भाग कापून मोठा केला. दोन पटीपर्यंत ठीक, पुढे नाक-डोळे सपाट. व्हिडिओतही तेच. नव्याचा अल्ट्रावाइड १०८० पिक्सेलवर थांबतो आणि चालताना फार हिंदकळतो. लहान मुलं घरात असतील आणि तुमचे फोटो मुख्यतः संध्याकाळनंतरचे असतील, तर माझं मत स्वच्छ जुन्याच्या बाजूने आहे. बॅटरीची कटकट सोसूनही.

हातात

पडद्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन्ही ओएलईडी, दोन्ही १२० हर्ट्झ, देवनागरीच्या बारीक वेलांट्या आणि जोडाक्षरं दोन्हींवर स्पष्ट. फक्त वापरलेला फोन घेताना पडद्यावर फुल ब्राइटनेसला सपाट राखाडी चित्र लावून बघा. मित्राच्या फोनवर तसं केलं तेव्हा खाली कीबोर्डची अंधूक चौकट उमटलेली दिसली. रोजच्या वापरात जाणवत नाही, पण एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

टायपिंगमधला फरक मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. मी दिवसभर मराठीत लिहितो. जुन्यातली कंपनाची मोटर प्रत्येक अक्षराला छोटा, नेमका ठोका देते. नव्याची नुसती गुणगुणते. पहिल्याच संध्याकाळी मी ती बंद करून टाकली.

वेगात रोजच्या कामाला नवा कुठे कमी पडत नाही. ॲप बदलताना क्वचित अडखळतो, एवढंच. खोक्यावर ठळक लिहिलेली 'व्हर्च्युअल रॅम' मात्र हिशोबात धरू नका. ती स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली जागा असते आणि खऱ्या रॅमच्या वेगाच्या आसपासही पोचत नाही. दुसरी न दिसणारी काटछाट केबलच्या टोकाला आहे. दोन्हींना यूएसबी-सीच, पण नव्याचं पोर्ट यूएसबी २.० चं, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. जुन्याचं ५ गिगाबिटचं. वर्षाचे फोटो लॅपटॉपवर घेताना नव्याला केबल लावून मी दुसऱ्या कामाला लागायचो. सगळं क्लाउडवरच ठेवणाऱ्याला हा मुद्दा सोडून देता येईल.

फोनचं वय कुठून मोजायचं

हा मुद्दा मी ताईला सगळ्यात आधी समजावला. अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. चार वर्षांचं आश्वासन असलेला फोन दोन वर्षांनी घेतला तर आपल्या वाट्याला दोनच उरतात. सिक्युरिटी अपडेट थांबले तरी फोन चालतो, पण ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि ओटीपी दोन्ही आहेत, तो तसा वर्षानुवर्षं वापरावा असं मी कुणालाच सांगणार नाही.

म्हणून जुना फ्लॅगशिप नेमका कधीचा, याला फार महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ ला तेच दिलं. त्याआधीच्या, २०२२ च्या गॅलॅक्सी एस२२ ला अँड्रॉइडच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षांचे सिक्युरिटी अपडेट होते. म्हणजे या दोन कंपन्यांचा या रेषेच्या अलीकडचा फ्लॅगशिप दोन वर्षांनी घेतला तरी पाच वर्षं हातात राहतात, आणि पलीकडचा घेतला तर हिशोब एकदम आखडतो. मिड-रेंजमध्येही आता सगळे सारखे नाहीत. मे २०२४ च्या पिक्सेल ८ए ला सात वर्षं मिळाली, आणि त्याच वर्गातले कित्येक फोन अजून दोन-तीन आवृत्त्यांवरच थांबतात. "नवा आहे म्हणजे जास्त टिकेल" हे गृहीत धरू नका. मॉडेलच्या नावासमोरचा अपडेटच्या वर्षांचा आकडा वाचा.

चिपबाबतही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ डिसेंबर २०२१ मध्ये आली, ती सॅमसंगच्या कारखान्यात बनायची. मे २०२२ मध्ये जाहीर झालेली ८+ जेन १ टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे बनली, आणि कमी वीज हाच तिचा मोठा दावा होता. नावात एका अधिकच्या चिन्हाचा फरक, पण जुना फोन शोधत असाल तर त्या चिन्हासाठी थांबा.

मग काय घ्यायचं

फोटो, झूम, हातातली सफाई हवी असेल, फोन २०२३ च्या अखेरीस किंवा नंतर आलेला असेल आणि बॅटरी बदलून मिळत असेल, तर जुना फ्लॅगशिप घ्या. घेताना मागच्या मालकाचं खातं फोनमधून निघालंय याची समोरच खात्री करा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. परत करायची मुदत किती दिवसांची आहे तेही लिहून घ्या. दोषांपैकी बॅटरीचा दोष कळायला किमान आठवडा जातो.

दिवसभर चार्जरपासून लांब असाल, फोटो उन्हातले आणि पाठवण्यापुरते असतील, आणि वॉरंटीचा कागद हातात असल्याशिवाय झोप येत नसेल, तर नवा मिड-रेंज. ताई या गटातली. पण मी वापरला तो फोन मी तिला घेऊ दिला नाही, केवळ त्या कानाजवळच्या गोंधळामुळे. त्याच किमतीच्या आसपास, थोडा जाड आणि एक कॅमेरा कमी असलेला दुसरा एक फोन होता.

दुकानात ताईने त्यात स्वतःचं सिम घातलं, मला कॉल लावला आणि फोन काउंटरवर सपाट ठेवला. वरच्या काठाजवळून तळहात नेला. पडदा काळा झाला. हात काढला, उजळला. तिने आणखी दोनदा करून बघितलं आणि पैसे दिले.