ओलोपॅटाडिनचे थेंब: खाजेला पक्के, पण सगळ्या ॲलर्जीला पुरे नाहीत

सोयाबीनची रास करताना उडणारा भुसा, बांधावरचं गाजरगवत, जिनिंगमधली धूळ. मराठवाड्यात डोळे खाजायला निमित्त बारा महिने असतं. डॉक्टर त्यावर जे ड्रॉप लिहून देतात, त्यांत ओलोपॅटाडिन ०.१ टक्के आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. कंपनी कोणतीही असो, औषध तेच.

पापणीच्या आतल्या पडद्यात मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जी पेटवणाऱ्या पेशी, असतात. त्यांच्यावरचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारे खाचे, आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिपिंडं धरून बसलेले असतात. परागकण आला आणि शेजारच्या दोन आयजीईंना त्याने जोडलं, की पेशी हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर टाकते. ते चेतातंतूंवरच्या एच-१ रिसेप्टरवर बसलं की खाज सुटते, रक्तवाहिन्यांवरच्या रिसेप्टरवर बसलं की लाली आणि सूज येते. ओलोपॅटाडिन एच-१ अडवतं, शिवाय मास्ट पेशींनाही शांत ठेवतं. खाज काही मिनिटांत उतरते ती एच-१ मुळे. दुसरा गुण मात्र आधीपासून रोज टाकणाऱ्यालाच मिळतो. डोळे लालबुंद झाल्यावर बाटली शोधणाऱ्यांना औषध अर्धंच लागू पडतं. रास चालू असेल तेवढे दिवस सकाळी धुळीत जायच्या आधीच थेंब पडलेला हवा.

०.१ टक्केवाला दिवसातून दोनदा, सहा ते आठ तासांच्या अंतराने टाकायचा, ०.२ टक्केवाला एकदाच. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. डोळ्यात मुळात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं आणि तोंड कडवट होतं. नोझल पापणीला टेकलं तर बाटलीत जंतू जातात. दुसरा ड्रॉप चालू असेल तर मध्ये पाच मिनिटं सोडा. लेन्स वापरणाऱ्यांनी ती काढूनच थेंब टाकावा आणि निदान दहा मिनिटांनी परत बसवावी, कारण ड्रॉपमधलं प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्समध्ये मुरतं.

५ मिलीच्या बाटलीत साधारण १०० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांना दोनदा टाकले तर तीन आठवड्यांवर पुरते. आठवड्यात संपली म्हणजे औषध गालावर गेलं. फोडल्यावर महिन्याने उरलेलं फेकून द्या. आणि मे महिन्यात बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

कमी कुठे पडतो? शाळकरी मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, उन्हाळ्यात बळावणाऱ्या ॲलर्जीत. डोळ्यातून दोऱ्यासारखा चिकट स्राव निघतो, उजेड सहन होत नाही, वरच्या पापणीच्या आत मोठे दाणे उठतात. इथे टी पेशी आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी कामाला लागलेल्या असतात. इओसिनोफिल डोळ्यात येतात त्या स्वतःवरच्या सीसीआर-३ नावाच्या रिसेप्टरने बोलावणं टिपून, त्यामुळे नुसतं एच-१ बंद करून भागत नाही. अशा वेळी डॉक्टर प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात, गरजेपुरतं स्टेरॉइडही.

स्टेरॉइडचा ड्रॉप चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने टाकणं हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा उद्योग आहे. दोन दिवसांत डोळे पांढरे शुभ्र दिसतात, पण आतला दाब वाढत जातो आणि काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. लाली घालवणाऱ्या नॅफॅझोलिनच्या ड्रॉपने रक्तवाहिन्या फक्त आकसतात; सवय लागली की लाली दुपटीने परतते. त्यापेक्षा फ्रिजमधलं थंड फडकं बरं.