कॅम्परमधला थर्मल कुकर आणि त्याचा तुटलेला खटका: काही महिन्यांच्या वापरानंतर

साडेचार लिटरच्या थर्मल कुकरच्या बाहेरच्या झाकणाचा खटका तुटला, आणि त्यावरून कंपनीच्या ग्राहक सेवेशी सुरू झालेला पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. दुहेरी भिंतीचे, मधली हवा काढून घेतलेले स्टीलचे भांडे, त्यात बसणारे आतले पातेले, शेगडीवर उकळी आणून पातेले आत ठेवायचे आणि पुढचे शिजणे साठलेल्या उष्णतेवर सोपवायचे, ही रचना कॅम्परमधून, म्हणजे राहण्या-शिजवण्याची सोय असलेल्या गाडीतून, हिंडणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणून खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये बाजूला ठेवतो. हे भांडे प्रवासातला जेवणाचा खर्च खरोखर कमी करते का, आणि त्या एवढ्याशा खटक्याला मी इतके महत्त्व का देतो, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

भांडे घेतले ते गॅस वाचावा म्हणून, आणि पहिले काही आठवडे मी त्याकडे त्याच नजरेने पाहत होतो. गॅसचा हिशेब मात्र अगदी किरकोळ निघतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यासाठी सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. छोट्या शेगडीवर त्यातली निम्मीच भांड्यात गेली असे धरले, तर लिटरभर पाण्याच्या उकळीला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, आणि हा खर्च थर्मल कुकर वापरूनही चुकत नाही. वाचते ती उकळीनंतरची मंद आच. बर्नर अर्ध्या किलोवॉटवर तासभर ठेवला तर साधारण ४० ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरचा सव्वाशेवा भाग. एवढ्या बचतीतून भांड्याची किंमत वसूल व्हायला फार काळ लागेल. जे लोक २२० ग्रॅमच्या छोट्या गॅस कॅनवर स्वयंपाक करतात त्यांचे गणित वेगळे आहे. तेच ४० ग्रॅम म्हणजे त्यांच्या कॅनचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि कॅनमधला गॅस वजनामागे सिलिंडरपेक्षा बराच महाग पडतो.

खरी बचत दुसरीकडेच आहे, आणि ती लक्षात आल्यावर माझे या भांड्याविषयीचे मत पूर्ण बदलले. तांदूळ, मसूर, हरभरे, बटाटे, कांदे, ओट्स ही सामग्री बहुतेक ठिकाणी स्वस्तच असते. खिशाला गळती लागते ती संध्याकाळी, दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला पोहोचल्यावर. अंधार पडलेला असतो, पोटात भूक असते, भांडी काढायची, चिरायचे, शिजेपर्यंत थांबायचे या नुसत्या विचाराने कंटाळा येतो, आणि मग वाटेत दिसेल तेथे थांबून विकत खाल्ले जाते. अशा एका जेवणाच्या पैशांत कोरड्या शिध्यावर कित्येक जेवणे निघतात, आणि शिवाय कपाटातली भाजी आणखी एक दिवस शिळी होते. थर्मल कुकर हाच एक क्षण सांभाळतो. सकाळी चहासाठी शेगडी पेटलेलीच असते. त्याच वेळी दुसऱ्या बर्नरवर डाळीला किंवा भाज्यांच्या रश्शाला उकळी आणून, दहा मिनिटे शिजवून पातेले आत ठेवले, की संध्याकाळी गाडी थांबताच गरम जेवण समोर असते.

आता खटक्याकडे येतो. चालत्या गाडीत शेगडी पेटवणे धोक्याचे असल्यामुळे प्रवासाचे तास स्वयंपाकाच्या दृष्टीने फुकट जातात. वीज न घेता ते तास कामी लावणारे साधन म्हणजे हे भांडे, आणि म्हणून त्याचे खरे काम गाडी हलत असतानाच चालते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकण नुसते टेकवलेले असले तरी चालेल, पण खराब रस्त्यावर आतले भरलेले पातेले प्रत्येक खड्ड्याला थोडेसे उसळते आणि बाहेरच्या झाकणाला खालून धक्का देते. हे सगळे धक्के खटक्याच्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या एका जिभेवर येतात. बाहेरचे भांडे, आतले पातेले, बिजागरी, सगळे स्टीलचे असताना नेमका हाच भाग प्लास्टिकचा आणि तोही पातळ का करावा, याचे समाधानकारक कारण मला सापडत नाही. खटका निसटला की झाकण किलकिले होते, वाफ बाहेर पडते, आणि दोन भिंतींमधली निर्वात पोकळी कितीही चांगली असली तरी वरच्या तोंडातून उष्णता निघून जाते. आमचा खटका तुटला त्या दिवशी संध्याकाळी हरभरे कडक होते, रस्सा कोमट होता, आणि शेवटी जेवण विकतच घ्यावे लागले. नव्वद अंशांच्या आसपासचे रस्सेदार अन्न चालत्या गाडीत सांडले तर काय होईल याचा विचार त्यानंतर आला, आणि तो पैशांपेक्षा गंभीर आहे.

ग्राहक सेवेचे पहिले उत्तर असे, की बाहेरच्या भांड्याच्या निर्वात पोकळीवर वॉरंटी आहे, प्लास्टिकच्या भागांवर नाही. हे मान्य करून मी नुसते झाकण विकत मागितले, तेव्हा झाकण सुटे विकले जात नाही असे कळवण्यात आले. तिसऱ्या पत्रात त्यांनी नवीन संपूर्ण संच थोड्या सवलतीत देऊ केला. जे भांडे अजून उत्तम चालते ते एका जिभेपायी टाकून द्यावे, हा सल्ला काटकसर म्हणून वस्तू विकणाऱ्या कंपनीने द्यावा, याचा मला मनापासून राग आला आहे. आतल्या पातेल्याची रबरी रिंग ते सुटी विकतात. म्हणजे सुट्या भागांची व्यवस्था त्यांच्याकडे आहे, फक्त ज्या भागाला सर्वाधिक ताण पडतो तो तिच्यात नाही.

दुरुस्ती मीच केली. बकल असलेला रुंद नायलॉनचा पट्टा झाकणावरून घेऊन भांड्याच्या तळाखालून आवळतो, आणि आतल्या व बाहेरच्या झाकणांच्या मधल्या फटीत दुमडलेला सुती टॉवेल ठेवतो. टॉवेलमुळे पातेले उसळत नाही, आणि वरच्या बाजूने जाणारी उष्णताही थोडी अडते. पट्टा आवळलेले भांडे खालच्या कप्प्यात, जमिनीलगत, दोन्ही बाजूंनी टेकण देऊन बसवावे, कारण तीन लिटर गरम अन्नासह त्याचे वजन बरेच होते आणि जोरात ब्रेक लागल्यास ते पुढे सरकते. खरे तर खटका शाबूत असतानाही हा पट्टा लावायला हवा, असे आता माझे मत आहे.

उष्णता किती टिकते हे जवळजवळ पूर्णपणे भांडे किती भरले आहे यावर ठरते. पाऊण भरलेल्या पातेल्यात सहा तासांनी थर्मामीटर ७५ अंशांच्या आसपास दाखवतो. अर्ध्याहून कमी भरले तर तेवढ्याच वेळात तापमान ६० च्या जवळ येते. ही ६० अंशांची रेषा महत्त्वाची आहे, कारण तिच्याखाली जिवाणू वाढू लागतात. त्यामुळे दोन माणसांनी दोन माणसांपुरतेच शिजवले तर हे भांडे नीट काम करत नाही. आमच्या जेवणाचे नियोजनच या एका गोष्टीभोवती बदलले. रोजचा वेगळा बेत आखण्याऐवजी एक मोठे पातेले शिजवायचे, पहिल्या संध्याकाळी ते भातासोबत खायचे, उरलेले लगेच उथळ डब्यांत काढून, डबे थंड पाण्यात ठेवून निववायचे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्यातच पाणी, बटाटा आणि कोबी घालून सूप होते, आणि तरीही काही राहिले तर ते घोटून ब्रेडवर लावता येते. गरम पातेले तसेच छोट्या फ्रिजमध्ये ठेवले तर आतले सगळेच तापते आणि बॅटरीवर भार पडतो. उरलेले अन्न रात्रभर कुकरमध्येच राहू देणे तर सर्वांत वाईट, कारण ते पहाटेपर्यंत नेमके त्या धोक्याच्या कोमट अवस्थेत जाऊन बसते. भाताच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, आणि त्याने एकदा तयार केलेले वांतीकारक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

भांड्यासोबत आलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेबद्दल माझी तक्रार खटक्याइतकीच तीव्र आहे. तिच्यात राजम्यासाठी ‘उकळी येताच आत ठेवा’ असे छापले आहे, आणि ते चूक आहे. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन (एक प्रकारचे प्रथिन) असते आणि चार-पाच कच्चे दाणेसुद्धा तासाभरात किंवा काही तासांत उलट्या सुरू करू शकतात. दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळावेत. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटे उकळण्याची शिफारस करते. ८० अंशांच्या आसपास नुसते मुरत ठेवलेले दाणे कच्च्यांपेक्षाही अधिक विषारी ठरू शकतात, आणि थर्मल कुकर नेमका त्याच तापमानात काम करतो. आम्ही राजमा आधी पूर्ण वेळ शेगडीवर उकळतो आणि मगच आत ठेवतो. मसूर किंवा मुगाच्या डाळीला ही चिंता नाही.

हरभऱ्यांनी मात्र वेगळाच धडा दिला. समुद्रसपाटीजवळ रात्रभर भिजवलेले, पंधरा मिनिटे उकळलेले हरभरे संध्याकाळपर्यंत मऊ होत. डोंगराळ भागात तेच कडक राहू लागले. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, आणि थर्मल कुकरची सुरुवातच तेथून होते. अशा ठिकाणी छोटा प्रेशर कुकर हवाच. त्यातले तापमान दाबामुळे तेथेही १०० अंशांच्या बरेच वर जाते. आम्ही आता उंचावर हरभरे प्रेशर कुकरमध्ये शिजवून घेतो आणि थर्मल कुकर फक्त संध्याकाळपर्यंत गरम ठेवण्यासाठी वापरतो. दुसरे कारण पाण्याचे आहे. प्रवासात दर मुक्कामाला वेगळे पाणी मिळते, आणि क्षारयुक्त जड पाण्यातले कॅल्शियम कडधान्यांच्या सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, धरून बसते, त्यामुळे दाणे शिजत नाहीत. भिजवताना पाण्यात मीठ घातले, किंवा शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तर फरक लगेच कळतो. टोमॅटो आणि इतर आंबट पदार्थ दाणे मऊ झाल्यावरच घालावेत. थर्मल कुकरमध्ये मधे झाकण उघडणे म्हणजे उष्णता घालवणे, म्हणून टोमॅटो वेगळा परतून जेवणाच्या वेळी वरून मिसळणे सोयीचे पडते.

बाजारहाटाबद्दल थोडक्यात. कोरडा शिधा निघण्यापूर्वी मोठ्या बाजारातून, पाकिटाच्या नव्हे तर किलोच्या भावाची तुलना करून घ्यावा, कारण वाटेतल्या पेट्रोल पंपांवर आणि मुक्कामाच्या जागी तोच माल बराच महाग असतो. भाज्यांचा क्रम ठरलेला असावा: पालेभाज्या पहिल्या एक-दोन दिवसांत, मग टोमॅटो आणि फुलकोबी, शेवटी कोबी, गाजर, बटाटे आणि कांदे. कांदे व बटाटे मात्र एकाच कप्प्यात ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात.

आणखी एक फायदा मला उशिरा दिसला आणि तो गॅसच्या बचतीपेक्षा मोठा आहे. एक किलो प्रोपेन (एलपीजीतला एक वायू) जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि उघड्या पातेल्यातून उडणारी वाफ त्यात मिसळते. थंडीत ही सगळी वाफ खिडक्यांवर आणि गादीखाली साचते. शिजण्याचा लांब भाग बंद भांड्यात गेल्यापासून आमच्या गादीखालची ओल स्पष्टपणे कमी झाली. उकळी आणताना छताची झडप आणि खिडकी उघडी ठेवणे मात्र आवश्यकच आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौघांच्या प्रवासाला हे भांडे मी निःशंकपणे सुचवीन. दोघांनी घ्यायचे तर तीन लिटरचे घ्यावे, म्हणजे ते पाऊण भरते. साडेचार लिटरचे घेतले तर उरलेले अन्न साठवायला फ्रिजमध्ये जागा आहे ना, हे आधी पाहावे. एकट्याने प्रवास करणाऱ्याला रुंद तोंडाचा चांगला फ्लास्क पुरेल. कोणत्याही कंपनीचा घेतला तरी पैसे देण्यापूर्वी बाहेरच्या झाकणाचा खटका उघडून पाहावा, तो धातूचा आहे का ते तपासावे, आणि झाकण सुटे मिळते का हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या भांड्यावर सध्या पट्टा आहे. झाकणाची किंमत आगाऊ भरण्याची तयारी दाखवणारे चौथे पत्र मी कंपनीला पाठवले आहे, आणि उत्तर आले की त्यातला मजकूर येथे जोडीन.