अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी गादी आणि उशी: कापूस, फोम, मेमरी फोम की एअर बेड?

हॉस्पिटलमधून घरी सोडताना जी यादी हातात पडते, तिच्यात डायपर आणि अंडरपॅडच्या जोडीला ‘एअर बेड’ असंही लिहिलेलं असतं. कुठल्या प्रकारचा, आणि या पेशंटला तो खरंच लागणार आहे का, याबद्दल सहसा एक ओळही नसते. घरचे त्याच संध्याकाळी सर्जिकल दुकानात जातात आणि दुकानदार देईल ते घेऊन येतात. पॅरालिसिस, खुब्याचं हाड मोडणं, मणक्याची इजा, पार्किन्सन्स किंवा नुसता वार्धक्याचा अशक्तपणा, कारण कोणतंही असो, घरातलं माणूस दिवसाचे बरेच तास आडवं किंवा बसून असेल तर या खरेदीला थोडा जास्त विचार द्यायला हवा. सतत एकाच जागी दाब पडून होणारी जखम, म्हणजे बेडसोअर, चिघळली की भरून यायला महिने लागू शकतात.

दुकानात जाण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर घरीच शोधा: हे माणूस स्वतः कूस बदलू शकतं का? पूर्ण बदलू शकतं, थोडी मदत लागते, की अजिबात नाही? माझ्या मते निम्मी निवड इथेच होते. वजन, घाम, लघवीवरचा ताबा, मधुमेहामुळे पायांची गेलेली संवेदना, आधीची जखम हे सगळं त्यानंतर येतं.

गादी नेमकं काय करते

पाठीवर झोपलेल्या माणसाचा भार माकडहाडाजवळचा भाग, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू अशा मोजक्या जागांवर येतो. कुशीवर झोपलं की तो खुब्यावर आणि घोट्यावर जातो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि स्नायू दाबले जातात, रक्तपुरवठा अडतो, आणि हे तासन्‌तास चाललं की पेशी मरतात. नुकसान अनेकदा आत, हाडाजवळ सुरू होतं. वर नुसता लालसर डाग दिसतो. तो बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर दुखापत सुरू झाली आहे असं समजावं. सावळ्या कातडीवर हा लालपणा पटकन ओळखू येत नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा तपासावा.

उपाय दोन प्रकारचे. एक म्हणजे भार जास्त जागेवर पसरवायचा: फरशीवर उभं राहिलं तर टाच आणि चवडा दुखतो, ओल्या वाळूत पाय रुतला की तळवा सगळीकडून टेकतो, तसं. दुसरा म्हणजे भाराची जागा दर थोड्या वेळाने बदलायची. कापूस, फोम, मेमरी फोम, लॅटेक्स, जेल आणि पाणी पहिल्या प्रकारात मोडतात. पंपवाला एअर बेड दुसऱ्या प्रकारातला.

मऊ म्हणजे दाब कमी, ही समजूत मात्र सोडून द्या. फार मऊ फोममध्ये माणूस इतका रुततो की माकडहाड खालच्या फळीला टेकतं, आणि गादी असून नसल्यासारखी होते.

दुकानदार ‘३२’ हा आकडाही सांगेल: दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहिला की बेडसोअर होत नाही म्हणून. हा आकडा लँडिस या शास्त्रज्ञाच्या १९३० सालच्या मोजमापांवरून आला आहे, आणि ती मोजमापं निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत (अगदी बारीक रक्तवाहिन्यांत) घेतलेली होती. सत्तरीतल्या मधुमेही बाईच्या माकडहाडाला तो आकडा सुरक्षिततेची हमी देऊ शकत नाही. त्यावर विसंबून महागडी गादी घेऊ नका.

कापूस आणि काथ्या

कापसाची गादी घरात आधीपासून असते, हवा खेळती ठेवते, उन्हात टाकता येते. स्वतः हालचाल करणाऱ्या माणसाला ती चालते. दिवसभर पडून असणाऱ्याला चालत नाही, कारण कमरेखालचा कापूस आठवड्यांत दबून घट्ट होतो आणि गोळे तयार होतात, तेही नेमके जिथे भार आहे तिथेच. पिंजून घेतली तरी हेच पुन्हा होतं. लघवी आत मुरली तर ती गादी धुताही येत नाही.

रबर लावलेल्या काथ्याच्या गादीबद्दल स्पष्टच सांगते: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती देऊ नका. ‘पाठीला कडक गादी चांगली’ या समजुतीने ती घेतली जाते. पाठदुखीसाठीसुद्धा हे खरं ठरलेलं नाही. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर अभ्यास झाला, तो २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला, आणि त्यात मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना खूप कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम मिळाला.

साधा फोम आणि मेमरी फोम

चांगला फोम हा बहुतेक घरांसाठी माझा पहिला पर्याय आहे. ‘चांगला’ म्हणजे काय ते मात्र नीट पाहायला हवं. ‘डेन्सिटी ४०’ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. डेन्सिटीचा संबंध टिकाऊपणाशी आहे, कडकपणा हे वेगळं माप आहे. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. कमी डेन्सिटीच्या फोममध्ये लवकर खड्डा पडतो आणि मग तो खड्डाच बेडसोअरचं कारण होतो. दाब कमी करणाऱ्या फोम गादीसाठी डेन्सिटी ३५ च्या वर आणि जाडी साधारण १५ सेंटिमीटर असावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात धरलं जातं.

दुकानदाराचा शब्द तपासायचा असेल तर गादी वजनकाट्यावर ठेवायला सांगा. ६ फूट बाय ३ फूट, ५ इंच जाडीची फोमची गादी ४० डेन्सिटीची असेल तर कव्हर सोडून तिचं वजन साडेआठ किलोच्या आसपास भरतं, ३२ ची असेल तर पावणेसात. सव्वाचार किलो भरलं, तर तो फोम २० चा आहे. दोन थरांची गादी मिळाली, खाली घट्ट आणि वर मऊ, तर उत्तम. त्या गादीला सगळीकडे एकच आकडा लागू होत नाही, तेव्हा प्रत्येक थराची डेन्सिटी वेगळी विचारा.

मेमरी फोमचा जन्म १९६६ सालचा, अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या विमान-आसनांच्या कामातला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो, त्यामुळे भार छान पसरतो. पण हाच गुण आपल्याकडे दोनदा अडचणीचा ठरतो. नाशिकच्या जानेवारीत रात्री तो सुरुवातीला कडक लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तो उष्णता धरून ठेवतो, पाठ घामेजते, आणि ओली कातडी दाबाला लवकर हार मानते. ए.सी. नसलेल्या खोलीत पूर्ण मेमरी फोमची गादी मी सुचवणार नाही. घट्ट फोमवर त्याचा दोनेक इंचांचा थर असेल तर वेगळी गोष्ट.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पार्किन्सन्सच्या पेशंटला किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना थोडंफार वळता येत असेल, तर मेमरी फोमच्या खळग्यातून त्यांना वळणं कठीण होतं. काठावर बसून उभं राहतानाही कडा खचते. जी हालचाल शिल्लक आहे ती गादीने हिरावून घेऊ नये. अशा माणसाला घट्ट काठाची साधी फोम गादीच बरी. लॅटेक्स उसळी जास्त देतो, त्यामुळे त्यावर वळणं सोपं जातं, पण तो जड आणि महाग आहे, चादर बदलताना गादी उचलायची म्हटलं की दोन माणसं लागतात.

एअर बेड

आपल्याकडे दोन प्रकार सर्रास मिळतात. बबलवाला स्वस्त, छोट्या फुगवट्यांचा. ट्यूबवाला, आडव्या नळ्यांचा, महाग. दोन्हींत पंप आलटून पालटून अर्ध्या कप्प्यांत हवा भरतो आणि उरलेल्यांतली सोडतो, साधारण दहा मिनिटांच्या फेऱ्याने. बबलवाल्याची उंची इतकी कमी असते की वजनदार माणसाचं माकडहाड त्यातून थेट खाली टेकतं. अशा माणसाला ट्यूबवालाच हवा. दोन्ही बेड चांगल्या फोम गादीवर अंथरायचे, नुसत्या फळीवर कधीच नाही.

आता मुख्य प्रश्न: फोमपेक्षा एअर बेड खरंच चांगला का? याची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि २०१९ साली प्रसिद्ध झाली. जास्त धोका असलेले २,०२९ रुग्ण, अर्धे पंपवाल्या गादीवर, अर्धे उत्तम दर्जाच्या फोमवर. एअर गादीवर ६.९ टक्के जणांना नवी जखम झाली, फोमवर ८.९ टक्के जणांना. फरक एअर गादीच्या बाजूने दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा: कर्ज काढून एअर बेड घेण्याची गरज नाही, पण खराब फोमवर ठेवण्याची मुभाही नाही. त्या चाचणीतला फोम आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या २० डेन्सिटीच्या गादीसारखा नव्हता.

मग एअर बेड कुणाला? अजिबात कूस बदलता येत नाही त्याला. पाठीवर आधीच जखम आहे आणि तिच्यावरून भार पूर्ण काढता येत नाही त्याला. रात्री कूस बदलायला घरात एकच म्हातारं माणूस आहे, अशा घराला. थोड्या महिन्यांचाच प्रश्न असेल तर भाड्याने मिळतो का ते विचारा.

घेणार असाल तर वीज जाण्याचा विचार आधी करा. लोडशेडिंगच्या गावात पंप बंद पडला की काही बेड बराच वेळ हवा धरून ठेवतात, काही लगेच बसतात. दुकानातच प्लग काढून, वर कुणाला तरी झोपवून पाहा. छोट्या इन्व्हर्टरवर हा पंप आरामात चालतो. पंपावरची वजनाची खूण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावा. ‘जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं’ असं करून तो फुग्यासारखा टणक केला तर भार पसरतच नाही. आणि रोज एकदा तळहात चाचणी करा: पंप चालू असताना, माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि फोम गादी यांच्यामध्ये तळहात सरकवा. हाताला वरून हाड टेकल्याचं जाणवलं तर बेड कमी पडतोय. किमान इंचभर हवा मध्ये असायला हवी.

पाणी भरलेला रबरी वॉटर बेड अजून काही दुकानांत दिसतो. भार पसरवतो, वीज लागत नाही. पण तो अवाढव्य जड होतो, थंडीत गार पडतो, आणि त्यावर पेशंटला वळवताना कंबर काळजीवाहकाची जाते. मी घेणार नाही.

बसणाऱ्यांसाठी उशी

व्हीलचेअरवर किंवा खुर्चीत दिवस काढणाऱ्याला गादीपेक्षा उशी जास्त महत्त्वाची असते. बसल्यावर धडाचा बहुतेक भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर येतो, म्हणजे झोपल्यापेक्षा कितीतरी कमी जागेवर. तरीही घरोघरी महागडा एअर बेड आणि खुर्चीत घडी घातलेली चादर दिसते.

रबराची गोल रिंग, मधे भोक असलेली, ही पहिली बाद करा. जखमेवरचा भार काढते असं वाटतं, पण तिच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी अडतो. बेडसोअरसाठी ती वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात.

फोमची आकार दिलेली उशी हलकी, स्वस्त आणि स्थिर. संवेदना शाबूत असलेल्या, स्वतः सरकून बसणाऱ्या माणसाला ती पुरते, फक्त ती दबली की बदलायची. जेलची उशी हाडांना चांगलं सामावून घेते आणि सुरुवातीला थंड लागते, पण जड असते. व्हीलचेअर गाडीत चढवणाऱ्याला ते वजन रोज जाणवतं. जेल बाजूला सरकतं, ते हाताने परत मधे आणावं लागतं. हवेच्या छोट्या कप्प्यांची उशी, जी १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ग्रेब यांनी बाजारात आणली, ती मणक्याच्या इजेमुळे संवेदना गेलेल्यांसाठी सर्वांत भरवशाची मानली जाते. किंमत फोमच्या अनेक पट. त्यावर तोल सांभाळणं शिकावं लागतं, आणि हवा अचूक हवी: बसलेल्या माणसाच्या बैठकीच्या हाडाखाली बोटं घालून पाहा, अर्धा ते एक इंच हवा उरली पाहिजे. संवेदना नसलेल्या माणसाला पंक्चर झालेलं कळत नाही, म्हणून ही तपासणी दुसऱ्या कुणी तरी रोज करायची.

व्हीलचेअरचा पायटा (पाय टेकवायची पट्टी) फार उंच असेल तर गुडघे वर येतात आणि मांड्यांवरचा भार पुन्हा बैठकीच्या हाडांवर जातो. पायट्याची उंची ठीक करायला पैसे लागत नाहीत. शक्य असेल त्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून भार काढावा.

गादीवर पाणी फिरवणाऱ्या सवयी

चांगल्या गादीवर मॅकिंटॉश (रबरी शीट), त्यावर दोन चादरी, त्यावर सतरंजी, त्यावर अंडरपॅड. इतके थर झाले की खालची गादी शरीरापर्यंत पोचतच नाही. एक सैल चादर आणि गरज असेल तर एक अंडरपॅड, एवढंच.

पलंगाचं डोकं खूप वर केलं की माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. ही ओढ नुसत्या दाबाइतकीच घातक आहे. आधी गुडघ्यांचा भाग उचला, मग डोकं, आणि जेवणाची वेळ सोडता ३० अंशांपेक्षा जास्त नाही.

टाचांना तर कुठलीच गादी पूर्ण वाचवू शकत नाही. पोटऱ्यांखाली लांब उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा, गुडघे किंचित वाकलेले. जुन्या साध्या उशीनेही हे होतं.

कूस बदलणं कुठल्याही गादीने सुटत नाही. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याची इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त त्यांनी लावली. तोवर असे सैनिक बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. आज चांगल्या फोमवर काहींना हे अंतर वाढवता येतं, पण किती ते कातडी पाहून ठरवायचं. पूर्ण कुशीवर टाकू नका, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश तिरकं ठेवा.

मी काय घेईन

स्वतः वळणाऱ्या आजोबांसाठी: ४० डेन्सिटीची, घट्ट काठाची, सहा इंची फोम गादी, पोटऱ्यांखाली उशी, खुर्चीसाठी चांगली फोमची उशी. मदतीने वळणाऱ्या आजींसाठी: तीच गादी, वर मऊ थर, आणि रात्री कोण कधी उठणार याचं वेळापत्रक भिंतीवर. अजिबात न हलणाऱ्यासाठी किंवा जखम असलेल्यासाठी: फोम गादीवर ट्यूबचा एअर बेड, सोबत इन्व्हर्टर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि माणूस दिवसाचे आठ तास व्हीलचेअरवर असेल, तर आधी उशी. आणि यांपैकी काहीही घेतलं तरी पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन माकडहाड, खुबे आणि टाचा पाहा. डाग अर्ध्या तासात गेला नाही तर गादी, उशी किंवा कूस बदलण्याची वेळ यांपैकी काहीतरी लगेच बदला. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.