घडीचं १० पटीचं भिंग: पावसाळाभर वापरल्यानंतर

जूनमध्ये घेतलं, आता नोव्हेंबर लागला. सोनार वापरतात तसलं तीन काचांचं घडीचं भिंग आहे. रानफुलं ओळखायची असतील तर फोनला लावायच्या क्लिप-लेन्सऐवजी हे घ्या. क्लिप-लेन्सने फोटो झकास येतात, पण सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या, खडकाळ पठारावरच्या) वाऱ्यात डोलणाऱ्या फुलाचं नेमकं हवं ते काही दिसत नाही.

खरा उपयोग झाला तो केना या पावसाळी रानफुलाच्या कुळात. साताऱ्याकडच्या सड्यांवर तीन पाकळ्यांची निळी-जांभळी फुलं ढिगाने, आणि उभ्याने पाहिली तर सगळी सारखीच. भिंगातून बघा: याच कुळातल्या नभाळीत सहाच्या सहा पुंकेसर परागांचे, त्यांच्या तंतूंवर निळे-जांभळे केस, मण्यांची माळ ओवावी तसे. तिच्या भावकीतल्या मर्डानियात तीनच कामाचे, उरलेले तीन वांझ. तिच्या काही जातींतही तंतू केसाळ असतात, तेव्हा नुसत्या केसांवर जाऊ नका, पुंकेसर मोजा. केना तर फुलाखालच्या होडीसारख्या पानावरूनच कळतो. बांधावरच्या नेहमीच्या केन्यात त्या होडीच्या कडा मागे जुळून नरसाळं होतं आणि पानाच्या बुडाशी तांबूस केस असतात. कडा सुट्या असतील तर जात वेगळी. हे सगळं सकाळीच उरका, दुपारनंतर यातली बरीच फुलं मिटतात.

बरेच जण भिंग पेपर वाचल्यासारखं लांब धरतात आणि मग दिसत नाही म्हणतात. डोळ्याला टेकवायचं आणि फूल अडीच सेंटिमीटरवर आणायचं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फूल तोडायचं नसतं, म्हणजे आपणच खाली जायचं. ओल्या जांभा दगडावर कोपरं सोलतात, जाड बाह्यांचा शर्ट घाला.

गेंद, म्हणजे सड्यावरची पांढऱ्या गोंड्यासारखी फुलं, त्यांच्यापुढे मात्र भिंगाने हात टेकले. गेंद आहे एवढं कळतं, जात नाही. तिथे बियांवरची नक्षी बघावी लागते, ती सूक्ष्मदर्शकाचीच कामगिरी. पण तेवढ्यासाठी २० पटीचं घ्यायला जाऊ नका. त्यात अंतर सव्वा सेंटिमीटरवर येतं, आपलीच सावली फुलावर पडते आणि एका वेळी जेमतेम एक पुंकेसर दिसतो.

तक्रार एकच, बिजागरीचा स्क्रू ऑगस्टमध्येच गंजला. काचेला बुरशी धरू नये म्हणून घरी आल्यावर पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवतो, अजून तरी स्वच्छ आहे. दोरी वेगळी घ्यावी लागली. सोबतची पहिल्याच पावसात तुटली.