विटा नसलेल्या घरात बाळासह नऊ महिने

गेल्या दसऱ्याला पुण्याच्या पश्चिम भागातील एका नव्या संकुलात आम्ही सदनिकेचा ताबा घेतला, दूध उतू घालवले आणि पंधरा दिवसांनी तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन मी बार्शीहून, माहेरहून, थेट या घरात आले. इमारत ‘मायव्हान’ पद्धतीची आहे. या पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने ओततात, त्यामुळे घरात वीट जवळजवळ नसते. घर दाखवताना भिंती सरळ आहेत, प्लास्टरला भेगा पडणार नाहीत, एवढेच आम्हाला सांगितले गेले आणि ते खरेही निघाले. मात्र तान्ह्या बाळाला घेऊन अशा घरात राहणे कसे असते, हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण पाळण्याची आली. आईने माझाच सागवानी पाळणा पॉलिश करून सोबत दिला होता. माहेरी तो तुळईच्या कड्यांना टांगलेला असे, इथे मात्र छताला पंख्याच्या हुकाखेरीज काहीच नव्हते. त्या हुकाला झुलते ओझे लावायचे नाही आणि शेजारी विजेची वायर आहे, म्हणून तो विचार आम्ही लगेच सोडला. दिवाणखान्यात घड्याळ लावायला आलेले मिस्त्री म्हणाले, “ताई, इथे खिळा वाकेल, भिंत हलायची नाही.” काँक्रीटमध्ये भोक पाडायला हॅमर ड्रिल लागते आणि जड वस्तूसाठी अँकर फास्टनर. ते बोहरी आळीतून आणलेही, पण स्लॅबच्या पोटात वायरचे पाइप आणि सळया नेमक्या कुठून गेल्या आहेत हे ठाऊक नसताना छताला हात लावणे आम्हाला योग्य वाटले नाही. अखेर पाळण्यासाठी लोखंडी स्टँड घेतला आणि फरशीवर तो सरकू नये म्हणून त्याच्या पायांखाली जुन्या सतरंजीचे तुकडे घातले. ताबा घेतानाच वायरिंगचा नकाशा मागून घ्यावा. आम्ही तो नंतर मागितला आणि मिळवायला दोन महिने गेले.

दुसरी गोष्ट आवाजाची. सामान लागेपर्यंत मुलगी रडली की खोली घुमायची आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून ती आणखी रडायची. जाड पडदे, दोन गोधड्या आणि कापडी सोफा आल्यावर हे पुष्कळ कमी झाले. वरच्या मजल्यावरील खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र स्लॅबमधून सरळ खाली येई आणि दुपारी नेमका तिचा डोळा लागला की येई. एके दिवशी तिला कडेवर घेऊनच मी वर गेले. काकूंनी आत बोलावले, तिच्या हातावर साखर ठेवायला निघाल्या, तेव्हा सहा महिने होईपर्यंत वरचे काही द्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मी म्हणाले. त्यांनी साखर माझ्या हातावर ठेवली. मग मी खुर्च्यांच्या पायांना लावायच्या नमद्याच्या चकत्या त्यांना दिल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या खुर्च्या उलट्या करून त्या लावल्या आणि तेव्हापासून दुपार शांत आहे.

खरा कस उन्हाळ्यात लागला. दाट काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सावकाश घरात सोडते. आमच्या झोपण्याच्या खोलीची एक भिंत पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला, तेव्हा रात्री नऊ वाजता त्या भिंतीला तळहात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याशेजारच्या ओट्यासारखी ती कोमट लागे. मुलीच्या मानेवर आणि पाठीवर घामोळे उठले. रात्री दहाला बाहेर २९ अंश असताना खोलीतला तापमापक ३४ दाखवत होता, हे आम्ही आठवडाभर टिपून ठेवले. आतले पडदे ओढून काही फरक पडला नाही, कारण ऊन भिंतीला आणि काचेला आधीच लागलेले असते. बाल्कनीला आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बांबूची चिक लावली, सकाळी दहापासून खिडक्या बंद ठेवल्या आणि सूर्यास्तानंतर समोरासमोरच्या सर्व खिडक्या डासांच्या जाळीसह उघडल्या, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवसापासून रात्रीचे आकडे दोन-अडीच अंशांनी उतरले. तोपर्यंत आम्ही तिचे अंथरूण पूर्वेकडील लहान खोलीत, जमिनीवर हलवले होते आणि सर्वांत मोठा आराम त्यानेच मिळाला. पुन्हा घर निवडायचे झाले, तर पश्चिमेची भिंत बाळाच्या खोलीला आहे का, हे मी स्वयंपाकघरापेक्षाही आधी पाहीन.

मुलगी रांगू लागली, तेव्हा जमिनीपासून हातभर उंचीवरचे प्लग एकाएकी डोळ्यांत भरले. विटेची भिंत फोडून बोर्ड वर घेता येतो. इथे भिंत स्वतःच इमारतीचे वजन पेलते, त्यामुळे ती खोदता येत नाही आणि जे आहे त्यालाच सुरक्षित करावे लागते. झडप असलेले सॉकेट बसवले आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी खरोखर चालतो का, हे त्यावरील चाचणीचे बटण दाबून पाहिले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवरील स्विचबोर्डातून पाणी झिरपले. ओल भिंतीतून नव्हे, तर काँक्रीटमध्ये पुरलेल्या वायरच्या पाइपातून आली होती. त्याच बोर्डाखाली, भिंतीला धरून उभी राहण्याचा प्रयत्न मुलगी करत होती. तिला उचलून मी आधी मुख्य एमसीबी बंद केला. विकासकाच्या माणसांनी दूरध्वनीवर “पाऊस थांबू द्या” असे सांगितले, याचा मला आजही राग आहे. मग आम्ही छायाचित्रांसह लेखी तक्रार केली आणि तीत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) चा उल्लेख केला. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे ते कलम सांगते. बाराव्या दिवशी माणसे आली. त्यांनी बाहेरून खिडकीची चौकट आणि साच्याच्या बोल्टची राहिलेली भोके बुजवली. त्यानंतरच्या दोन मोठ्या सरींत बोर्ड कोरडा राहिला आहे, तरी पावसाळा संपेपर्यंत त्या बोर्डाची वीज आम्ही बंदच ठेवणार आहोत.

मुलगी आता वर्षाची झाली असून त्याच सरळ, गुळगुळीत भिंतीला तळवे टेकून दिवाणखाना पार करते. पाळण्यात ती बसती झाली, तेव्हाच आम्ही तो उतरवला होता. माझ्या मावसबहिणीचे दिवस भरत आले आहेत आणि तिचेही घर याच पद्धतीचे आहे, म्हणून येत्या रविवारी पाळणा तिच्याकडे जाईल. सोबत स्टँड, सतरंजीचे तुकडे आणि एप्रिलमधल्या तापमानाचा तो कागदही देणार आहे.